तुकड्यांची झोप

"अजी, उठा. झाली तुमची वीस मिनिटं."

मथुराने नवऱ्याचा खांदा हलवला. शालिकराम ताडकन उठून बसला. त्याने उशाची टोपी डोक्यावर ठेवली, चपला घातल्या आणि दार समजून तो भिंतीतल्या कपाटात शिरू लागला. मुरमुऱ्यांच्या डब्यावर कपाळ आपटलं तेव्हा अदबीने मागे सरकून तो डब्याला म्हणाला, "माफ करा साहेब. पैले आपण निंगा."

"साहेब नाई तो, डबा आहे," मथुरा म्हणाली. "अन् दार इकडं आहे. पण जाऊन कुठं राहिले तुमी? आज तर सुट्टी आहे तुमची."

 शालिकरामने गंभीरपणे विचारलं, "मंग मी उठलो कावून?"

"ते मले नका इचारू. त्या चंपतले इचारा."

हे सगळं खरोखरच चंपतपासून सुरू झालं होतं. तसा शालिकराम कापगते हा झोपेच्या बाबतीत साधा माणूस. साकोलीकडच्या धानाच्या बांधावरून उठून तो भिलाईला आला, तेव्हा रशियाच्या मदतीने होणारा पोलादाचा कारखाना अर्धा उभा होता आणि अर्धा कागदावर होता. दिवसभर लाल धूळ उडायची, रात्री पेटलेल्या भट्टीचा उजेड आभाळावर पसरायचा, आणि त्या उजेडातही शालिकराम पाठ टेकली की सकाळपर्यंत हलत नसे. सेक्टर दोनमध्ये त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. काम क्रेनवरच्या हेल्परचं. म्हणजे खाली जमिनीवर उभं राहून मालाला लोखंडी दोर बांधायचा, आणि वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला हाताने खुणा करायच्या. तळवा वर हलवला की माल वर, खाली हलवला की खाली, मूठ आवळली की थांब.

काम त्याला आवडत होतं. अडचण बहिणीची होती. आई-वडील दोघंही गेल्यामुळे सुशीला भावाकडेच राहत होती. मुलगी सातवी पास, रंगारूपाने चांगली, जिभेने थोडी जास्तच चांगली. स्थळं यायची, पोहे खायची, "भाऊ काय करतात?" असं विचारायची, आणि "हेल्पर" हा शब्द ऐकला की पोह्यांची स्तुती करून निघून जायची. अशी तीन स्थळं गेल्यावर शालिकरामने ठरवलं, ऑपरेटर व्हायचं. त्यासाठी ट्रेड टेस्ट होती आणि ट्रेड टेस्टसाठी एक जाडजूड हिंदी पुस्तक होतं. पण आज पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी, मग रातपाळी. यात पुस्तक उघडायचं कधी?

हे दुःख त्याने चहाच्या टपरीवर चंपतला सांगितलं. चंपत त्याच्याच गावचा, आणि रशियन तज्ज्ञांच्या ऑफिसात चपराशी. त्यामुळे रशिया या विषयावर सेक्टर दोनमध्ये त्याचा शब्द शेवटचा मानला जाई.

"टाइम नाई म्हणतेस? तुले झोपताच येत नाई, म्हून टाइम नाई," चंपत म्हणाला.

"मले? मी तर खूप झोपतो."

"तेच तर! एका दमात झोपतेस. रशियन साहेब असा झोपत नाई. तो तुकडे पाडते. चार-चार तासानं वीस मिनिटं झोपते, बस! मी आपल्या डोळ्यानं पाह्यलं. खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटते, वीस मिनिटानं उघडते, अन् लागते कामाले. नाही तं इतली मोठी भट्टी इतल्या लवकर उभी राह्यली असती का?"

"अन् आंग नाई दुखत?"

"अबे, आंग कायले दुखते? झोपीतली मलई पैल्या वीस मिनिटात असते. बाकीचं सारं पाणी. तू गंजभर पाणी पिऊन राहिला रोज."

शालिकरामला हे पटलं. शेतकऱ्याच्या घरचा असल्यामुळे दुधाची उपमा दिली की त्याला काहीही पटत असे.

सुरुवातीचे काही दिवस फार छान गेले. शालिकरामला एवढा वेळ मिळाला की त्याचं काय करावं हे कळेना. त्याने पुस्तकाची पंचवीस पानं वाचली. परसात वाफे काढून सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावला. दाराला तेल दिलं, खिडकीला तेल दिलं, शेवटी कुठे कुरकुरतंय का हे ऐकत शेजारच्या फकिराच्या दारालाही तेल देऊन आला. "मथुरा, मी आतापर्यंत आयुष्य वाया घालवून राहिलो होतो," असं तो म्हणाला, तेव्हा मथुरा जांभई देत होती. कारण दर चार तासांनी त्याला उठवायचं काम तिचं होतं, आणि तिला कोणी वीस मिनिटांची मलई खाऊ घालत नव्हतं.

मग हळूहळू शालिकराम विरजू लागला.

प्रथम त्याने चहात मीठ घातलं, आणि तो तसाच पिऊन "आज साखर बरोबर आहे" असं सांगितलं. मग पुस्तकाचं सव्विसावं पान आलं. ते पान तो रोज वाची आणि रोज ते नवीनच असे. एकदा पेन्सिल तोंडात धरून तिला काडी लावली. मथुरा चुलीवरून भाताचं पातेलं उतरवत असली, की तो समोर उभा राहून हाताने खुणा करी, "हळू... डावीकडे... अजून खाली... थांब." आणि मथुरा थांबली नाही की रागवे.

"आता मी नाई उठवत तुमाले," एके दिवशी मथुराने जाहीर केलं. "तुमच्या झोपीपाई माही झोप गेली. काल मी फकिराभाऊच्या बायकोले सासूबाई म्हणलं."

तेव्हा हे काम सुशीलाकडे आलं. सुशीला खांदा वगैरे हलवण्यातली नव्हती. तिने पितळी थाळी घेतली, पळी घेतली, आणि भावाच्या कानाशी असा गजर केला की शालिकराम उठलाच, पण आजूबाजूची चार क्वार्टरंही उठली.

त्यातला फकिरा उठून रागवायचा तर उलट खूश झाला. त्याची बायको नुकतीच माहेरी गेली होती आणि पाळीच्या वेळी उठवायला कोणी नव्हतं. "सुशीलाबाई, सोन्यासारखं काम केलं तुमी. आता तुमची थाळी वाजली का मी उठतो," असं म्हणून तो निश्चिंत झोपू लागला. चार-चार तासांनी वाजणारी थाळी ही आपल्यासाठी वाजत नाही, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. रातपाळी करून येऊन फकिरा दुपारी झोपला होता, थाळी वाजली, तो दचकून उठला, डबा घेऊन सायकलवर बसला आणि भलत्याच पाळीत जाऊन कामाला लागला. ती पाळी संपली तेव्हा त्याची स्वतःची सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला. डोळे तांबारलेले.

"शालिकभाऊ, मी सोळा तास भट्टीपाशी उभा होतो. तुमच्या थाळीनं माहा घात केला."

"हव," शालिकराम म्हणाला.

"आता मले सांगा, कोणती थाळी माही अन् कोणती तुमची?"

"हव."

फकिराने निरखून पाहिलं. शालिकराम खाटेवर ताठ बसला होता, डोळे उघडे होते, चेहऱ्यावर समजूतदार भाव होता, आणि तो गाढ झोपलेला होता.

तुकड्यांच्या झोपेचा हा खरा परिणाम होता, आणि तो अजून घरात कोणाच्या ध्यानात आला नव्हता. झोपेला जागा मिळेना तेव्हा ती जागेपणात येऊन राहू लागली. शालिकराम डोळे उघडे ठेवून झोपे, आणि कोणी काही विचारलं की झोपेतूनच "हव", म्हणजे "हो", म्हणे. जागा झाल्यावर यातलं अक्षरही त्याला आठवत नसे. आणि "हव" या शब्दाची गंमत अशी, की तो नागपुरापासून रायपूरपर्यंत सगळ्यांना सारखाच समजतो.

जवळच्या कुरुद गावच्या गवळ्यालाही तो समजला. तो रोज दूध घालायला यायचा. एका दुपारी मथुरा आणि सुशीला नळावर गेल्या असताना तो दारात बसून म्हणाला, "बाबू, मैं बेटी घर जात हंव. मोर भैंसी ला दू महीना राख लेबे का?" लेकीकडे जायचंय, दोन महिने म्हैस सांभाळशील का, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

"हव," शालिकराम म्हणाला.

"इतवार के लानहूं?"

"हव."

गवळ्याने त्याचे पाय धरले आणि तो रविवारच्या तयारीला लागला.

दोनच दिवसांनी आमगावचे धोंडबा निंबार्ते दारात आले. पांढरं धोतर, काळा कोट, हातात छत्री. त्यांचा मुलगा केवलराम शाळेत मास्तर होता, आणि मुलासाठी भिलाईतल्या नोकरदार घरातली मुलगी पाहायची असं त्यांच्या मनात होतं. त्या वेळीही घरात शालिकराम एकटाच होता. समोर सव्विसावं पान उघडं होतं.

"राम राम. क्रेनवरचे कापगते तुमीच काय?"

"हव."

"क्रेन ऑपरेटर ना जी?"

"हव."

"बहीण लग्नाची आहे म्हणतात घरात."

"हव."

"मंग येत्या रविवारी पोराले घेऊन येतो. चालते?"

"हव."

धोंडबा परतताना स्वतःवर खूश होते. "माणूस मोजकं बोलते," त्यांनी घरी जाऊन सांगितलं. "मोठ्या कामावरची माणसं अशीच असतात. एक शब्द जास्तीचा नाई."

राहता राहिला चंपत. त्याचा मावसभाऊ देवाजी नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत ड्रिल चालवायचा. पाळी सुटल्यावर कारखान्याच्या फाटकाबाहेर चालता चालता चंपतने विषय काढला. "शालिक, आपला देवाजी कसा वाटते तुले, सुशीलासाठी? रविवारी घेऊन येऊ का?" शालिकराम तेव्हा चालत झोपला होता. त्याने काय उत्तर दिलं हे सांगायला नको.

या तिन्ही गोष्टी घरात कोणाला ठाऊक नव्हत्या. ठाऊक झालं ते फक्त सायकलचं प्रकरण, कारण ते साऱ्या कारखान्यात गाजलं.

फोरमन दौलतराव यांनी आपली नवी कोरी सायकल पाइपांच्या ढिगाला टेकवून ठेवली होती. शालिकरामने पाइपांना दोर बांधला, त्यात सायकलही बांधली, तळवा वर करून हलवला आणि त्याच अवस्थेत तो झोपला. तळवा हलत राहिला. वरच्या ऑपरेटरने हुकूम पाळला. पाइप आणि सायकल वर वर जात थेट छपराच्या लोखंडी कैचीपर्यंत पोचले. दौलतराव अर्धा तास सायकल शोधत होते. त्यांनी दोन चौकीदारांना फैलावर घेतलं. शेवटी वरच्या केबिनमधून घंटी वाजली, तेव्हा त्यांनी मान वर केली. वाऱ्याने सायकलचं पुढचं चाक संथ फिरत होतं.

"कापगते! ही सायकल तू चढवलीस?"

"हव."

"माझी थट्टा करतोस?"

"हव."

दौलतराव नागपूरचे, शिकलेले, आणि एरवी सभ्य होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि ते म्हणाले, "सोमवारी तुझी ट्रेड टेस्ट आहे. परीक्षेला बस, तो तुझा हक्क आहे. पण तोवर मला क्रेनच्या सावलीतसुद्धा दिसू नकोस."

ही बातमी घरी आल्यावर मथुरा डोक्यावर पदर घेऊन तडक चंपतच्या दारी गेली.

"भाऊजी, खरं सांगा. तुमचा तो रशियन साहेब खरंच तुकड्यानं झोपते?"

चंपत आधी छातीवर हात ठेवणार होता, पण मथुराचे डोळे पाहून त्याने हात खाली घेतला. "वैनी, मी आपलं पाह्यलं तेवढं सांगतलं. मीटिंगमधी त्यानं डोळे मिटले होते वीस मिनिटं."

"कवा?"

"दिल्लीचे पाव्हणे भाषण देऊन राहिले होते तवा."

"अन् रात्री?"

"रात्री... म्हणजे बंगल्यावरचा खानसामा म्हणते का, साहेब रात्री नऊले झोपते अन् सकाळी सातले उठते. कानात कापूस घालून."

मथुराने घरी येऊन हे जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. सुदैवाने तो त्या क्षणी जागा होता.  ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता कसं सोडू, मथुरा? इतले दिवस मेहनत केली. सोमवारी टेस्ट आहे. आता झोपलो तं उठणार नाई मी, अन् नाई उठलो तं सुशीलाचं काय होईन? हेल्परच्या बहिणीले कोण करते?"

 मथुराने पुस्तक त्याच्या हातात दिलं. ते उलटं होतं. त्याने ते तसंच वाचायला घेतलं.

रविवार उजाडला. सकाळी सगळ्यात आधी म्हैस आली. गवळ्याने ती फाटकातून आत घातली, खुंट ठोकला, तिच्या कपाळाला हात लावून डोळे पुसले आणि मथुराला सांगितलं, "एखर नाव रानी हे." मथुराने बरंच भांडून पाहिलं. पण गवळी प्रत्येक वेळी शालिकरामकडे बोट दाखवून म्हणे, "बाबू हव कहे हे." आणि शालिकरामला विचारलं की तो म्हणे, "हव." गवळी निघून गेला. राणीने खुंट उपटला आणि सांभाराचे वाफे खायला सुरुवात केली.

तेवढ्यात टांगा थांबला. धोंडबा, त्यांची पत्नी आणि केवलराम मास्तर उतरले. धोंडबांनी म्हैस पाहिली आणि ते पत्नीच्या कानात म्हणाले, "दुभतं पण आहे घरी. म्हणलं होतं ना मी?"

"आपण कोण?" मथुराने विचारलं.

"अव बाई, पोरगी पाहाले आलो ना! ऑपरेटरसाहेबानं बोलावलं आमाले."

मथुराने नवऱ्याकडे पाहिलं. ऑपरेटरसाहेब दाराच्या चौकटीला टेकून प्रसन्न चेहऱ्याने उभे होते. आता हसणं किंवा रडणं एवढंच उरलं होतं, आणि दोन्हींसाठी वेळ नव्हता. तिने पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, सुशीलाच्या अंगावर स्वतःची लग्नातली साडी फेकली आणि पोहे भिजवले.

पोहे भिजतात न भिजतात तो चंपत आला. बरोबर एक रुंद खांद्याचा, केसांत चुन्याची पांढरी धूळ असलेला तरुण. "वैनी, हा देवाजी. सरळ रातपाळीवरून आणला. शालिकनं आजचं पक्कं केलं होतं."

"कायचं पक्कं?"

"सुशीलाचं ना!"

मथुराने चंपतला हाताला धरून मागच्या दाराने स्वयंपाकघरात ओढलं, देवाजीला धान्याच्या पोत्यावर बसवलं आणि दम भरला, "एक शब्द काढू नका. बाहेर दुसरे आहेत." देवाजीने मान डोलावली, भिंतीला पाठ टेकली आणि तो लगेच झोपला. तोंड किंचित उघडं, घोरणं संथ आणि एका लयीत.

सुशीलाने पोह्यांच्या बशा बाहेर नेल्या. केवलराम मास्तरांनी चष्मा नीट केला आणि विचारलं, "हिंदुस्थानात सगळ्यात लांब नदी कोणती?"

"गंगा," सुशीला म्हणाली. "पण आमच्या नळाले पाणी शिवनाथ नदीचं येते. तेबी दोनच तास."

"एका खोलीत चार माणसं रोज आठ तास झोपतात, तर—"

"आमच्या घरी असं होत नाई," सुशीला म्हणाली.

मास्तर गोंधळले. तेवढ्यात फाटकातून फकिरा आत आला. आज थाळी वाजली नव्हती, त्यामुळे त्याला उठावं की झोपावं हे कळत नव्हतं. "सुशीलाबाई, आज थाळी काहून नाई वाजवली? मी कवाचा वाट पाहून राहिलो."

"हे कोण?" धोंडबांनी विचारलं.

"शेजारी," मथुरा घाईने म्हणाली.

"बसा ना. ऑपरेटरसाहेबाच्या शेजारी राहता म्हणजे तुमीबी मोठेच असान."

"ऑपरेटर कोण?" फकिराने आजूबाजूला पाहिलं. "शालिकभाऊ? नाई जी! तो हेल्पर आहे. आता तर हेल्परबी नाई. त्यानं फोरमनसाहेबाची सायकल छताले टांगली."

 राणीच्या रवंथाचा आवाज तेवढा येत होता. धोंडबा उठले, शालिकरामच्या समोर जाऊन उभे राहिले.

"तुमी हेल्पर आहात?"

"हव."

"मंग आमाले खोटं सांगतलं?"

"हव."

"घरी बोलावून आमची फजिती करता?"

"हव," शालिकराम शांतपणे म्हणाला.

धोंडबांचा आवाज सेक्टर तीनपर्यंत गेला असावा. पन्नास वर्षांत आपल्या तोंडावर असा निर्लज्जपणा कोणी केला नव्हता, असं ते म्हणाले. पत्नीने पोह्यांची बशी अर्धी टाकली. मास्तरांनी वडिलांची छत्री उचलून दिली. तिघंही तरातरा अंगणात आले आणि थांबले, कारण राणी फाटकात आडवी बसली होती. धोंडबांनी तिला छत्रीने टोचलं. तिने कान हलवला. मास्तरांनी "हट्" म्हणून पाहिलं. फकिरा शेपूट ओढायला गेला आणि तिने शिंगं वळवताच कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसला. इतक्या रागाने बाहेर पडल्यावर माणसाला पुन्हा आत येऊन बसणं फार कठीण जातं. पण ऊन तापलं होतं. तिघंही आले, मूळच्या जागी बसले आणि भिंतीकडे पाहू लागले. मथुराने, दुसरं काहीच न सुचल्यामुळे, चहा ठेवला.

सुशीला कपबशा घ्यायला स्वयंपाकघरात आली आणि तिथेच थबकली. इतका आरडाओरडा झाला होता, पण पोत्यावरचा तरुण तसाच झोपलेला होता. चंपत त्याला चिमटे काढून थकला होता.

"हे कवापासून असेच आहेत?"

"आल्यापासून," चंपत शरमून म्हणाला. "पोट्टा चांगला आहे, सुशीला. फक्त एकदा झोपला का..."

 किती तरी दिवसांत सुशीलाने माणूस असा झोपलेला पाहिला नव्हता. तिने कपबशा घेतल्या, पण जाताना त्या मुद्दामच न वाजवता नेल्या.

चहा उकळला आणि देवाजी आपला आपण उठला. कोणी हलवलं नाही, थाळी वाजली नाही. त्याने डोळे चोळले, चहूकडे पाहिलं आणि बाहेरून म्हशीचा आवाज ऐकून विचारलं, "म्हशीले कोणी पाणी नाई दाखवलं का?"

तो बादली भरून बाहेर गेला, ती राणीच्या तोंडासमोर धरून जिभेने टक्टक् आवाज करत एक-एक पाऊल मागे सरकला. राणी उठली आणि त्याच्या मागे चालू लागली. फाटक मोकळं झालं. धोंडबांनी चहाचा घोट घ्यायला उचललेला कप खाली ठेवला, सगळं कुटुंब घेऊन ते टांग्यात बसले, आणि टांगा धुळीत दिसेनासा झाला.

मग देवाजी हातपाय धुऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसला आणि म्हणाला, "माफ करा, रातपाळी होती. आता झोप झाली. इचारा, काय इचाराचं ते."

इकडे इतका वेळ चौकटीला टेकून असलेला शालिकराम हळूहळू घसरत खाली आला होता. मथुराने उशी आणून त्याच्या डोक्याखाली दिली. सुशीलाने आपण होऊन थाळी माळ्यावर टाकली. फकिराला सांगितलं, आजपासून कोंबडा पाळा.

शालिकराम जागा झाला तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं. अंग हलकं वाटत होतं. त्याने टोपी घातली, चपला घातल्या आणि तो बरोबर दारातून बाहेर आला. परसात एक म्हैस पाहून त्याला थोडं आश्चर्य वाटलं, पण ते त्याने बाजूला ठेवलं.

"मथुरा, टेस्टले निंगतो मी. आज सोमवार ना?"

"मंगळवार आहे," मथुरा म्हणाली. ती तांदूळ निवडत होती. "टेस्ट काल झाली. फोरमनसाहेब येऊन गेले घरी. तुमाले पाहून म्हणाले, याले उठवू नका. पुढच्या बॅचले बसवतो म्हणाले."

शालिकराम मटकन खाटेवर बसला. "मंग सुशीलाचं?"

"सुशीलाचं ठरलं. रविवारीच. तिनं सोताच पसंत केलं. तुमी हेल्पर आहात हे सांगतलं, तं तो म्हणाला, मीबी ड्रिलवर हेल्परच होतो पैले."

आतून सुशीला गुणगुणत असल्याचा आवाज आला. शालिकरामने कान देऊन ऐकलं, आणि मग जरा घाबरतच विचारलं, "पोट्टा काय करते?"

मथुराने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

"झोपते," ती म्हणाली. "एका दमात."

 शालिकरामने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मंग चांगल्या घरचा दिसते," तो म्हणाला.